माझ्या अंगातला जिना गेला कुठे?

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचाही नव्हे. जव्हारच्या एसटी स्टँडजवळ एक लहानसा फोटो स्टुडिओ आहे, तिथे फोटो काढून घेणाऱ्यांच्या पाठीमागे मी टांगलेला असतो. तुम्ही म्हणाल, पडद्याला कसलं आलंय आत्मवृत्त, याने जन्मभर भिंतीला पाठ लावण्यापलीकडे केलं काय? खरं आहे. पण या फेब्रुवारीत माझ्यासमोर जे घडलं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हा उद्योग.

माझा जन्म नाशिकचा. एका पेंटरने मांजरपाटाच्या जाड कापडावर मला रंगवलं. एका टोकाला तळं आणि त्यात राजहंस, दुसऱ्या टोकाला पुन्हा तळं आणि दुसरा राजहंस, आणि बरोबर मधोमध पांढराशुभ्र जिना. हा जिना वर चढतो आणि ढगात संपतो, कारण वरचा बंगला रंगवायला पेंटरकडे रंग उरला नव्हता. माझे दोन हंस जन्मापासून एकमेकांकडे बघत आहेत, पण मध्ये जिना असल्यामुळे त्यांची गाठ कधी पडलेली नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

स्टुडिओचा आताचा मालक हेमंत. मला त्याच्या वडिलांनी एसटीच्या टपावर टाकून आणलं. त्या काळी फोटो काढणं म्हणजे घरचं कार्यच असे. माणसं पहिल्या गाडीने येत, केसांना पाणी लावून भांग पाडत आणि श्वास रोखून उभी राहत. सूर्यमाळचा जिव्या मला चांगला आठवतो. तो आणि त्याची बायको रुपी लग्नाच्या कपड्यांत आली, तेव्हा रुपीच्या कडेवर त्यांची थोरली पोरगी होती. इकडे पाड्यांवर जोडपं आधी संसाराला लागतं आणि लग्नाचा खर्च जमला की मग लग्न करतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. जिव्याने हट्टच धरला होता की आम्हाला बरोबर त्या पायऱ्यांवर उभं करा, घरी सांगीन मोठ्या बंगल्यात जाऊन आलो. असे फोटो काचेत बसून पाड्यावरच्या भिंतीवर जात. भिंतीवर दोघांचा एकत्र फोटो लागला की ती नवरा-बायको, त्याचा दुसरा अर्थ कुणी काढत नसे.

मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. लोक धबधब्यापुढे, गाडीपुढे, आपल्याच चेहऱ्यापुढे फोटो काढू लागले. स्टुडिओत उरले फक्त ओळखपत्राचे फोटो, आणि त्यांना पांढरी चादर पुरते. मला गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं. उंदरांनी माझी एक किनार कुरतडली, आणि राग येऊनही मला काही करता आलं नाही.

या फेब्रुवारीत हेमंतने मला अचानक बाहेर काढलं, झटकलं आणि पुन्हा टांगलं. मला वाटलं, आली बाबा आठवण. पण पाठोपाठ त्याने थर्माकोलचे लाल बदाम आणून टाचण्यांनी माझ्या छातीवर टोचले. चौदा तारखेला प्रेमाचा दिवस असतो म्हणे. तारीख ठरवून प्रेम करायचं, ही गोष्ट माझ्यासारख्या जुन्या पडद्याला चमत्कारिक वाटली. समोरच्या दुकानात नाशिकहून गुलाब आले होते, ते दुपारपर्यंतच माना टाकत होते. तरी खोटं कशाला बोलू, उजेडात आलो म्हणून मी खूश होतो. टाचण्या टोचत होत्या, पण कोपऱ्यातल्या उंदरांपेक्षा टाचण्या परवडल्या.

त्याच दिवशी कॉलेजात बारावीचा निरोप समारंभ होता. परीक्षा तोंडावर आलेली, सरांनी टक्क्यांचं भाषण ठोकलेलं, आणि बाहेर रस्ताभर लाल फुगे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पोरं स्टुडिओत येत ती निम्मी रडवेली आणि निम्मी खिदळत. कुणाला कुणी फूल दिलं नाही म्हणून वाईट वाटत होतं, तर कुणाला दिलं म्हणून घाम फुटला होता.

त्यांत तिघं एकत्र आली. विज्ञान शाखेत त्यांनी दोन वर्षं एकाच टेबलावर प्रयोग केले होते. दिपिका साखरशेतची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. तिच्या पाड्यावरून बारावी सायन्सपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी, आणि तिला नर्स व्हायचं होतं. तिची मैत्रीण हर्षाली खोडाळ्याच्या शिक्षकांची मुलगी, तिने आपलीच दुसरी साडी दिपिकाला नेसवली होती. आणि तिसरा सुरज, जिव्याचा धाकटा मुलगा. सुरज डाव्या हंसापुढे उभा राहिला, दिपिका उजव्या हंसापुढे आणि हर्षाली मधोमध जिन्यापुढे. तिघं मनापासून हसली आणि फोटो झाला.

दुसऱ्या दिवशी हेमंतने दुकानाच्या काचेत एक मोठा फोटो लावला. लावण्याआधी तो नीट दिसतो का म्हणून त्याने माझ्यासमोर धरला आणि मी हादरलोच. फोटोत सुरज आणि दिपिका खांद्याला खांदा लावून उभे, भोवती मोठा लाल बदाम. हर्षाली नव्हतीच. आणि मित्रांनो, माझा जिनाही नव्हता. माझे दोन्ही हंस चोचीला चोच लावून बसले होते. आपलं अंग मधून कापून दोन्ही टोकं जोडलेली पाहिली की कसं वाटतं, ते मला विचारा.

हेमंत काही वाईट माणूस नाही. त्याला नमुना म्हणून जोडीचा फोटो हवा होता, आणि इथल्या खऱ्या जोड्या तोंडाला रुमाल बांधून येतात, त्या काचेत कशाला बसतील? त्याने कॉम्प्युटरवर मधली मुलगी पुसली आणि दोघांना सरकवून जवळ आणलं. त्यातून काही घडेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाजाराच्या दिवशी जिव्या आला. ठाण्याकडे बिल्डिंगच्या कामावर जाऊन तो थकला होता, केस पांढरे झाले होते. काचेतल्या फोटोपुढे तो थबकला. आता हा आरडाओरडा करणार, काच फोडणार, असं हेमंतला वाटलं. पण जिव्या चक्क हसला. पोरानं बाजारात फोटो लावला म्हणजे पोरगी पसंत केली, मग आपण का मागे राहायचं, असं म्हणून त्याने तो फोटो मागून घेतला, पिशवीत ठेवला आणि पोरीचं घर कुठलं ते विचारून तडक साखरशेतची वाट धरली. हेमंतला तोंड उघडायची संधी होती. त्याने ती घालवली.

परीक्षेला दोनच दिवस राहिले असताना सगळे स्टुडिओत हजर झाले. जिव्या, मान खाली घातलेला सुरज, दिपिकाची आई कोंडी, आणि वसतिगृहातून तशीच बोलावून आणलेली दिपिका. तिच्या हातात भौतिकशास्त्राचं पुस्तक होतं आणि पानात बोट अडकलेलं होतं. मागून धापा टाकत हर्षाली आली. जिव्याच्या हातात मागणीचा नारळ होता. आमच्या लग्नाचा फोटो इथंच काढला होता, याच पायऱ्यांवर, तर पोरांचाही इथंच काढायचा आणि नारळ इथंच द्यायचा, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगत होता. दिपिकाला मात्र कशाचा काही पत्ता नव्हता.

कोंडीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "घर चांगला हाय, पोरगा शिकलेला हाय. तुला अठरा बी सरली. आज फोटो काढू आन तू यांच्यासंगत जा."

दिपिकाने पानातलं बोट तसंच ठेवून आईकडे पाहिलं. "आये, परवा माझा पेपर हाय."

"पेपर पुढल्या साली देशील."

पुढल्या साली. मित्रांनो, त्या दोन शब्दांनी माझ्या छातीवरच्या टाचण्यांपेक्षा खोल टोचलं. असे पुढल्या सालचे कितीतरी पेपर मी माझ्यासमोर फोटो काढून गेलेल्या मुलींच्या तोंडून ऐकले आहेत, आणि ते दिल्याचं सांगायला एकही परत आलेली नाही.

जिव्याने कौतुकाने पिशवीतून तो फोटो काढून दिपिकाच्या हातात दिला. तिने तो पाहिला आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हर्षालीने मान लांब करून पाहिलं आणि म्हणाली, "यात मी होते. मी मधे उभी होते. मी कुठे गेले?"

हेमंत काहीतरी शोधायला म्हणून टेबलाखाली वाकला. दिपिका मात्र रडली नाही, ओरडली नाही. ती माझ्याजवळ आली, फोटो माझ्या अंगाला लावून धरला आणि शांतपणे म्हणाली, "काका, तुमच्या लगनाच्या फोटोत तुम्ही पायऱ्यांवर उभे हाव ना?"

"व्हय. मधोमध."

"मग या फोटोत पायऱ्या कुठं हायेत?"

जिव्या पुढे झाला. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. बांधकामावर खरबरीत झालेलं बोट त्याने माझ्या जिन्यावरून वरपर्यंत फिरवलं. एवढ्या वर्षांनी त्याचा हात लागला आणि मला भरून आलं. मग त्याने हेमंतकडे पाहिलं. हेमंतने कॉम्प्युटर चालू केला आणि मूळ फोटो दाखवला. तिथे तिघंही होती, जिनाही होता. जोडीचा फोटो पाहिजे होता म्हणून मीच मधली पोरगी काढली, असं तो कसाबसा बोलला.

जिव्याला ते पटेचना. "जित्या माणसाला फोटोतून काढतात?" एवढंच त्याने विचारलं.

सगळ्यांत जास्त धक्का कोंडीला बसला. ती खाली बसली आणि लेकीकडे बघून म्हणाली, "मला वाटला तूच काढलास फोटो. तुझ्या मनात हाय म्हणून मी हो बोलले. पोरीच्या मनाबाहेर मी कशी देईन?" तेव्हा मला कळलं की या बाईने जबरदस्ती केलीच नव्हती. तिने लेकीचं मन राखलं होतं, आणि ते मन हेमंतने कॉम्प्युटरवर तयार केलेलं होतं. मी इतक्या लोकांची तोंडं पाहिली, पण असं उलटंपालटं कधी पाहिलं नव्हतं.

जिव्याने सुरजला विचारलं, तुझ्या मनात तरी काय आहे? सुरजने जमिनीकडे बघत सांगितलं की दिपिका त्याला आवडते. त्या दिवशी मित्रांनी चिडवून चिडवून त्याला गुलाब घ्यायला लावला होता, तो त्याने दप्तरातच सुकवला. तिची अभ्यासाची घाई दिसत होती, म्हणून द्यायचं धाडस झालं नाही, आणि बापाने तो फोटो दाखवल्यावर खरं सांगायचंही. हे ऐकून दिपिकाही चकित झाली.

"तो मला आवडतो का नाय, मला ठाऊक नाय," ती म्हणाली. "इचार करायला सवडच नाय मिळाली. डोळे मिटले तरी नुसते धडे दिसतात. पण ठरवायचा तवा मी ठरवीन. दुकानाच्या काचेत नाय ठरायचा."

सुरजने मान हलवली. मला वाटतं, तिथे सगळ्यांत हलकं त्यालाच वाटलं असावं.

आता प्रश्न उरला नारळाचा. जिव्याने तो हातात तोलला. मागणीचा नारळ परत घरी नेला तर सोयरीक मोडली असं होईल, आणि इथे मोडायला ती जुळलीच कुठे होती? मग त्याने ठरवलं. "पोरांच्या पेपराला फोडू," असं म्हणून तो माझ्यापुढे वाकला आणि फरशीवर नारळ आपटला. पाणी उडालं ते थेट माझ्या सगळ्यांत खालच्या पायरीवर. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना मिळाले, हेमंतलाही मिळाला, आणि त्याने तो खाली मान घालून खाल्ला. त्याच संध्याकाळी त्याने माझ्या छातीवरचे बदाम उपटले.

शेवटच्या पेपरनंतर तिघं पुन्हा आली. निकाल काही अजून लागलेला नाही, आणि दिपिका-सुरजचं काय ठरलं, ठरलं की नाही, ते मलाही माहीत नाही. फोटोसाठी दिपिकाने हर्षालीला हाताला धरून पुन्हा बरोबर जिन्यापुढे उभं केलं, आणि फोटो तिथल्या तिथे छापून मागितला.

तर मित्रांनो, फोटो काढा, फुलं द्या, हवा तो दिवस साजरा करा. फक्त दोघांना जवळ आणायला कुणाला मधून पुसून टाकू नका. आणि माझ्यासाठी एक करा. हेमंत मला आता धुवायला काढणार आहे. त्याने हंसांवरची धूळ खुशाल झटकावी, टाचण्यांची भोकं शिवावीत, कुरतडलेली किनार दुमडावी. पण तुमच्यापैकी कुणी जव्हारला आलं, तर त्याला एवढा निरोप द्या, की खालच्या पायरीवरचा नारळाच्या पाण्याचा डाग तेवढा राहू दे.