दाढीच्या मापाचा मास्क

चहाच्या सुट्टीत साहेब ओतकाम कारखान्यांच्या संघटनेचं मासिक सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. एरवी त्यात कुठे नवी भट्टी बसली, कुणाला पंपाच्या कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, मोठी ऑर्डर लागली, असल्या बातम्या असत आणि लोक ऐकता ऐकता बिस्किटं संपवत. या महिन्यात मात्र तिसऱ्या पानावर नवा नियम होता. साच्याच्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, म्हणून यापुढे मोल्डिंगच्या शेडमध्ये प्रत्येकाने घट्ट बसणारा मास्क लावायचा. तो घट्ट बसतो की नाही याची परीक्षा होणार. मास्कची कड चेहऱ्याला जिथे टेकते, तिथे केस चालणार नाहीत.

साहेब थांबले. सगळ्या शेडने एकदम दाढीमामांकडे पाहिलं.

दाढीमामा हेड मोल्डर. वाळू मुठीत दाबून, मूठ उघडून, साचा टिकेल की ढासळेल हे सांगणारा माणूस. छातीपर्यंत दाढी. सकाळी काळी, संध्याकाळी वाळूने भुरी. धुतली की बादलीच्या तळाशी पुन्हा एक साचा होईल एवढी वाळू निघते, असं लोक म्हणत.

"नापास झालं तर?" मामांनी विचारलं.

"तर शेडमध्ये पाय नाही," साहेब म्हणाले. "स्टोअरमध्ये बसायचं. हातमोजे वाटायचे."

"मग वाटीन हातमोजे," मामा म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात प्यायले.

असं ते म्हणाले खरं, पण त्या दिवशी त्यांनी एकाच साच्यावर तीनदा हात फिरवला. एकतीस वर्षं वाळूत गेली होती. दुसरीकडे दाढीही एकतीस वर्षांचीच. लग्न ठरताना बायको त्यांना पहिल्यांदा भेटली, तेव्हा तिने पाच मिनिटं पाहून सांगितलं होतं, "तुमच्यावर नुकतंच कुणी रागावलंय असा तुमचा चेहरा दिसतो. दाढी ठेवा." त्यांनी ठेवली. पुढे दर रविवारी मागच्या दाराशी स्टुलावर बसवून तीच ती कापायची. कापताना आठवड्याभराचं सगळं बोलून घ्यायची. कात्री ओठांजवळ असल्यामुळे मामांना उत्तर देता यायचं नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून मामा आरशात बघून स्वतःच कापत आणि डावी बाजू नेहमी लांब राही.

हे सगळं पॅटर्नवाल्याला ठाऊक होतं. पॅटर्नवाला म्हणजे साचा घेण्यासाठी लाकडाचे नमुने बनवणारा, मामांचा जुना दोस्त आणि नसत्या उद्योगांचा कारखाना.

मंगळवारी प्रशिक्षण सुरू झालं. शिकवायला एक तरुण मॅडम आल्या होत्या. आवाज बारीक, पण धाक मोठा. पहिल्याच तासाला त्यांनी शेडमधून पार्टिंग पावडरचे डबे मागवले. साच्याचे दोन भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भुरभुरायची ती पावडर.

"ही तुमची जुनी पावडर वाळूपेक्षा वाईट आहे," मॅडम म्हणाल्या. "आजच्या आज बाहेर. सोमवारी दुसरी येईल. तोवर चिमूटभरसुद्धा दिसता कामा नये."

लोकांनी आज्ञा अशी पाळली की विचारू नका. भट्टीवाल्याने तर घरी पोरांच्या कॅरमसाठी नेलेली डबीही परत आणून दिली. मॅडमनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि तो दिवसभर भट्टीपेक्षा लाल होऊन फिरला.

परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पॅटर्नवाला मामांना आपल्या खोलीत घेऊन गेला आणि दार लावलं.

"मी विचार केलाय," तो म्हणाला.

"मला भीती वाटते तू असं म्हणालास की."

"ऐक तर. दाढीवर मास्क बसत नाही ना? मग मास्कच दाढीच्या मापाचा करू. तुझ्या जबड्याचा प्लास्टरमध्ये ठसा घेतो. त्यावरून रबराची कड ओततो. ती मास्कला चिकटवली की तुझी दाढी आणि मास्क, नवरा-बायकोसारखे घट्ट."

"आमचं काही तसं घट्ट नव्हतं. रोज भांडण."

"म्हणजे घट्टच की!"

मामा बाकावर आडवे झाले. श्वासासाठी नाकात दोन नळ्या घातल्या. भट्टीवाल्याला प्लास्टर कालवायला बोलावलं होतं. तो आल्यापासूनच हसत होता आणि त्याच्या हातातलं घमेलं हिंदकळत होतं. पॅटर्नवाल्याचा हात सवयीने फळीवरच्या पावडरच्या डब्याकडे गेला. तिथे डब्याचा गोल डाग होता, डबा नव्हता.

"पावडर नाही," तो म्हणाला.

"मॅडमनी बंद केली ना," भट्टीवाला म्हणाला. "चिमूटभरसुद्धा नाही."

"बरोबर. नियम म्हणजे नियम. घाल प्लास्टर."

आता बघा, या दोघांनी मिळून आयुष्यात हजारो साचे उघडले असतील. दोन भागांमध्ये काही न भुरभुरता साचा घेतला तर काय होतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्या दिवशी नियम पाळल्याचा आनंद इतका होता की अकलेला बसायला जागाच उरली नाही.

पाच मिनिटांनी मामांनी हात हलवला. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. दहा मिनिटांनी त्यांनी दोन्ही हात हलवले. पंधराव्या मिनिटाला पॅटर्नवाल्याने ठशाच्या दोन्ही कडा धरल्या आणि हलकेच उचललं. ठशाबरोबर मामाही उठून बसले.

"अरे," पॅटर्नवाला म्हणाला.

त्याने ठसा डावीकडे ओढला, मामा डावीकडे गेले. उजवीकडे ओढला, उजवीकडे गेले. प्लास्टरच्या आतून जो आवाज आला, त्यातले शब्द कळले नाहीत, पण ते पॅटर्नवाल्याच्या सात पिढ्यांबद्दल असावेत.

"फेटलिंगवाल्याला बोलवू का?" भट्टीवाल्याने विचारलं. फेटलिंगवाला म्हणजे कास्टिंगला चिकटलेलं जास्तीचं लोखंड छिन्नीने उडवणारा. मामांनी भट्टीवाल्याला लाथ मारली. ती घमेल्याला लागली. घमेलं घरंगळत दारापर्यंत गेलं, आणि नेमकं त्याच वेळी मॅडमनी दार उघडलं.

त्यांनी पाहिलं. एक माणूस, त्याच्या तोंडाला पांढरा दगड, नाकात नळ्या, दोन्ही बाजूंनी ओढणारे दोघं.

"हे काय चाललंय?"

"पावडर वापरली नाही, मॅडम," भट्टीवाला छाती पुढे काढून म्हणाला.

मॅडमनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मग त्या वळल्या, डोळे पुसले, खिशातून प्रथमोपचाराची कात्री काढली आणि म्हणाल्या, "सरका. छिन्नीला कुणी हात लावायचा नाही."

वीस मिनिटं लागली. मॅडम कापत होत्या, पॅटर्नवाला माफी मागत होता, भट्टीवाला जमिनीवर बसून पोट धरत होता. शेवटी ठसा सुटला, दाढीसकट. पॅटर्नवाल्याने तो उजेडात धरला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "साचा मात्र झकास आलाय."

"आणि कास्टिंग?" भट्टीवाला म्हणाला.

कास्टिंग बाकावर बसलं होतं. हनुवटीवर कुठे झुपका, कुठे टक्कल. हसायला मामाही लागले. इतके हसले की खोकला आला. मग हसता हसता त्यांनी सवयीने दाढीवर हात फिरवला, हात थेट शर्टाच्या बटणावर गेला, आणि ते उठून नळाकडे निघून गेले. पॅटर्नवाला मागे जायला निघाला, पण मॅडमनी त्याला बाही धरून थांबवलं.

शनिवारी मामा पूर्ण गुळगुळीत होऊन आले. वरचा अर्धा चेहरा भट्टीने भाजलेला, खालचा अर्धा तान्ह्या बाळासारखा. शेडमध्ये गोंधळ उडाला. कुणी म्हणे आता नुसतं मामा म्हणायचं, कुणी म्हणे हनुवटीमामा. साहेबांनी तर त्यांना नवा माणूस समजून विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

परीक्षा अशी होती की मास्क लावायचा, डोक्यावरून गळ्यापर्यंत येणारी प्लास्टिकची पारदर्शक टोपी चढवायची आणि तिच्यात कडू औषधाचा फवारा मारायचा. मग मान डोलवायची, कंबरेत वाकायचं, मोठ्याने बोलायचं. यात कधीही तोंडात कडू लागलं, तर मास्क गळतोय. नापास. मामांनी मान डोलवली. वाकले. सगळी शेड भोवती उभी होती.

"आता एक मिनिट मोठ्याने बोलायचं. थांबायचं नाही," मॅडम म्हणाल्या आणि वाचायला कागद पुढे धरला. पण टोपी आतून धुरकट झालेली. मामांना अक्षर दिसेना. "बरं, मनाचं बोला. काहीही."

मॅडमच्या हातातल्या घड्याळाचा काटा पळत होता.

"अरे मामा, बोल!" पॅटर्नवाला ओरडला. "हातमोजे वाटायचेत का?"

मामांनी घसा साफ केला.

"अहो, हलू नका," ते म्हणाले. "कान गेला तर चष्मा कुठे अडकवाल? आणि परवा शेजारणीला काय सांगितलंत, मी भाजीत मीठ दोनदा घालते म्हणून? तुम्ही दोनदा वाढून घेता ते नाही सांगितलंत. हलू नका म्हटलं ना! लेकीचा फोन आला होता. तुम्ही फोनवर 'हं' सोडून दुसरं काही बोलत नाही म्हणते. खिशात पुन्हा वाळू होती. मी काय घरात भिंत बांधू? त्या तुमच्या पॅटर्नवाल्याला सांगा, जेवायला यायचं तर आधी कळवावं, आणि आलाच तर माझ्या पाटाला हात लावू नये. मागच्या वेळी दुरुस्त केला, तेव्हापासून डुलतोय…"

शेड हसून हसून वाकली. भट्टीवाल्याला उचकी लागली. पॅटर्नवालाही हसत होता, पण बोलणं कुणाचं आहे ते ओळखून त्याने आपल्या डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती.

मिनिट संपलं. मॅडमनी विचारलं, "कडू लागतंय?"

मामांनी नाही म्हणून बोट हलवलं, पण बोलणं थांबवलं नाही. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे. बटण दाबून त्यांनी काटा पुन्हा शून्यावर आणला.

"मला नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "अजून एक मिनिट बोला."

"आता मान वर करा," मामा म्हणाले, आणि टोपीच्या आत स्वतःच मान वर केली.