बोट कुणाकडे

तिचा उजवा हात हवेतच थांबला.

पाळकसाहेबांचा उपदेश पुढे निघून गेला होता, पण पहिल्या बाकावरच्या तिघांचे डोळे अजून तिच्या बोटांवर खिळलेले होते. शिंपीकाका, काकू आणि बेकरीत काम करणारी त्यांची भाची. तिघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दर रविवारी चर्चमध्ये व्यासपीठाच्या बाजूला उभी राहून ती त्यांना सगळी उपासना खुणांच्या भाषेत सांगायची. तिची आई बहिरी होती, त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधीच ती हातांनी बोलायला शिकली होती. मंडळीतली पोरं तिला खुणाताईच म्हणत.

पाळकसाहेब म्हणाले होते, "त्या पक्षाला मत देणारे ख्रिस्ताचे नाहीत. आणि ते आज आपल्यातच बसलेत."

पहिलं वाक्य तिने सांगून टाकलं. अडलं ते दुसऱ्यापाशी. 'ते' म्हणायचं तर बोट दाखवावं लागतं, आणि बोट कुठेतरी जाऊन थांबतं.

निवडणूक लागल्यापासून हेच चाललं होतं. आठवडाभर लॅबमध्ये रक्त काढायला लोकांच्या हातातल्या शिरा शोधायच्या आणि रविवारी इथे उभं राहून दुसऱ्यांना दिलेल्या शिव्या या तिघांना पोचवायच्या. गाणाऱ्यांच्या क्वायरमधून तिघीजणी बाहेर पडल्या होत्या. उपासना संपली की दोन दारांशी दोन घोळके जमत. शिंपीकाका पाळकसाहेबांच्या पक्षाचे कट्टर, त्यापायी सख्ख्या थोरल्या भावाशी त्यांनी बोलणं टाकलं होतं. आणि खुणाताईचं मत नेमकं त्या दुसऱ्या पक्षाला गेलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. नणंदेला संशय होता, पण तीही नुसतं नाक मुरडून गप्प बसायची.

तरी तिने आजवर एक शब्द गाळला नव्हता. गाळायचा म्हणजे त्यांना फसवायचं. तिच्याशिवाय त्यांना दुसरे कान कुठे होते?

काकांनी भुवया उंचावल्या. कोण ते?

डावीकडे सुतार आणि त्याची बायको बसली होती. मागे दवाखान्यातल्या बाई. तिचं बोट वर गेलं, जरा घुटमळलं आणि वळून तिच्याच छातीवर टेकलं.

काकूंच्या तोंडाचा आ झाला. बाकी कुणालाच काही कळलं नाही. ऐकू येणाऱ्या सगळ्यांच्या देखत ती बोलली होती आणि कुणीही ऐकलं नव्हतं.

उपासनेनंतर पाळकसाहेब घाम पुसत जवळ आले. आवाज पार बसला होता.

"दमलीस ना, ताई? मीही दमलो. नाही बोललो तर या पक्षाचे घरी येतात, बोललो तर त्या. चहा घेऊन जा हं."

तिने मान हलवली. चहाची इच्छाच राहिली नव्हती. बाहेर चपला घालताना कुणीतरी खांद्याला हात लावला. शिंपीकाका होते.

तू? त्यांनी बोटाने विचारलं.

"हो," तिनेही हातांनीच सांगितलं.

कधीपासून?

"पहिल्यापासून."

मग एवढे महिने ते सगळं तूच बोललीस? तुझ्याबद्दलचं?

"काम आहे माझं, काका."

काका जरा जवळ सरकले. मग त्यांनी विचारलं, दुखतं?

"खांदा दुखतो थोडा," तिने सांगितलं.

काकांनी नकारार्थी मान हलवली. हाताचा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवून त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तेवढ्यात काकूंनी त्यांची बाही ओढली आणि दोघं निघून गेली. बहुतेक पुढच्या रविवारी पहिला बाक रिकामा दिसणार, असं मनाशी धरून ती घरी आली.

पुढच्या रविवारी तिघंही आली. काकांनी ओळखही दाखवली नाही. गीतं झाली, शास्त्रवाचन झालं. उपदेशाला सुरुवात होऊन थोडा वेळ गेला आणि पाळकसाहेबांची गाडी त्याच रुळावर आली.

"बंधूंनो, त्या पक्षाच्या लोकांना..."

तिने हात उचलले. समोर काकांनी सावकाश मान खाली घातली आणि नजर जमिनीकडे लावली. मग काकूंनी. भाचीने दोघांकडे पाहिलं आणि तिनेही.

कुणी बघत नसेल तर हातांनी सांगायचं कुणाला? तिचे हात आपोआप खाली आले. पाळकसाहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या तीन झुकलेल्या डोक्यांकडे. बोलता बोलता ते अडखळले, पाण्याचा ग्लास उचलला, पण प्यायले नाहीत.

काकांनी मान वर केली नाही. नुसते बाकावर जरा सरकले आणि आपल्या नि काकूंच्या मधल्या जागेवर हाताने दोनदा थोपटलं.

ती व्यासपीठाची पायरी उतरली आणि जाऊन बसली.