गंजाचं पाणी आणि संताचे अश्रू

रविवारची प्रार्थना सुटली तरी चर्चच्या अंगणातून कोणी हलेना. टेबलावर काचेचे पेले मांडलेले. पेल्यांत लोखंडी टाकीतलं, गंजानं लाल झालेलं पावसाचं पाणी. टेबलामागे चोर ओळखून देणारा, दाढी विंचरलेला आकाकिओस बाबा. "हा संताचा अश्रू," असं म्हणत त्यानं बाटलीतलं चमचाभर पाणी एका पेल्यात टाकलं, ढवळलं आणि डोळे मिटून स्तोत्र सुरू केलं. स्तोत्र संपेतो लाली गोळा होऊन तळाशी बसली आणि वर पाणी निवळशंख.

"पाव्लिस निर्दोष," बाबा म्हणाला. लोकांनी छातीवर क्रूस काढला.

हारिक्लिया सारखी पाय बदलत होती. चाळीस वर्षं साबणाच्या कढईपाशी उभी राहिलेली बाई. अख्खी आळी तिच्या जिभेला भिऊन असायची. पुढचा पेला तिच्या सुनेचा होता, आन्थीचा. मूर्तीपुढची चांदी नाहीशी झाली आणि दिवा पुसायला आन्थीच जात असे. पेला लाल राहिला तर तिनं उद्याच्या बोटीनं बेट सोडायचं, लेक इथंच ठेवून, असं पंचांनी ठरवलेलं.

दोन रविवारांपूर्वी लेमोनिया शिंपीण अशीच गेली होती, दुसऱ्या एका चोरीच्या आळावर. तिचा पेला लाल राहिला तेव्हा सर्वांत आधी पाठ फिरवली ती हारिक्लियानंच. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

बाबानं आन्थीचा पेला पुढे ओढला. "पोरी, तुझ्यावर आळ मोठा. म्हणून संत तुझ्यासाठी एक नाही, तीन अश्रू ढाळतील. दया म्हणतात ती हीच."

"तीन," हारिक्लिया पुटपुटली. लेमोनियालाही तीन. मग तिनं बाबाची बाटली सरळ हातात घेतली आणि दोन थेंब बोटांवर चोळले. बोटं घसरली.

"मावशी, बाटलीला बायकांचा हात लागत नाही," बाबा दचकून म्हणाला.

"लागला की. आणि आतलं पाणी ओळखीचं निघालं." तिनं बोटं हुंगली. "दक्षिणेचा वारा सुटला की आमच्या साबणाच्या वड्यांना घाम फुटतो. त्याला आम्ही काय म्हणतो गं बायांनो?"

"अश्रू," कोणीतरी हसत म्हणालं, आणि हसू तिथंच विरलं.

"सगळं गाव साबण शिजवतं आणि कुणाला साबणाचा वास येईना. वास रोजचाच, म्हणून." तिनं कमरेची वडी किसून पाण्यात विरघळवली. "आन्थीला माझा एक चमचा. बाबाच्या नावानं दुसऱ्या पेल्यात तीन. म्हणा स्तोत्र."

"संतांची परीक्षा घेऊ नये."

"संतांची नाही रे बाबा, तुझी."

स्तोत्र तिनंच म्हटलं, अर्धं चुकत. आन्थीचा पेला निवळला. बाबाचा लालच राहिला. मग तिनं आन्थीच्या पेल्यात आणखी दोन चमचे ओतून खूप ढवळलं. तळाची लाली वर आली आणि तरंगत राहिली.

"एका घटकेत निर्दोष, दुसऱ्या घटकेत चोर? असं कसं?" पाव्लिसनं विचारलं.

"मला अक्षर येत नाही, पण कान आहेत. कारखान्यातल्या रसायनाच्या मास्तरांनी सांगितलेलं ऐक. साबणाच्या कणाला डोकं असतं आणि तेलकट शेपूट. थोडा साबण घातला की डोकी गंजाच्या कणांना चिकटतात, शेपट्या बाहेर. तेलकट शेपटीला पाणी नकोसं, म्हणून कण एकमेकांना बिलगतात, जड होतात, बुडतात. साबण वाढवलास तर पहिल्या थरावर दुसरा बसतो, शेपटीला शेपूट लावून. आता डोकी बाहेर. डोक्यांना पाणी आवडतं आणि ती एकमेकांना दूर ढकलतात. कण सुटे होतात, पाणी लाल. चोर कोण ते चमच्यानं ठरलं, बाबा. आणि चमचा तुझ्या हातात."

बाबा बाटली शोधू लागला. ती हारिक्लियाच्या पदरात होती. चर्चचा कारभारी, जो सकाळी बाबाच्या कानाला लागून आन्थीचं नाव घेत होता, तो मान खाली घालून पायऱ्या मोजत होता.

आन्थी रडली नाही. सासूकडे बघत तिनं विचारलं, "आणि लेमोनियाताईंचं काय?"

हारिक्लियानं पदरातली बाटली काढून टेबलावर ठेवली. मग ती गर्दीकडे वळली. "चांदी कोणी नेली ते पेला सांगत नाही. विचारपूस करावी लागते, पुरावा बघावा लागतो. जे घडतं ते का घडतं, हे विचारायला शाळा लागत नाही. मी दोन रविवार विचारलं नाही. मला पेला दिसला, चमचे दिसले, मोजावंसं वाटलं नाही. तुम्ही तरी मोजा."

दुसऱ्या दिवशीच्या बोटीत हारिक्लिया बसली. हातात साबणाची वडी नव्हती, भेट म्हणून काही नव्हतं. लेमोनियाच्या दारात जाऊन काय बोलायचं, ते तिला अजून सुचत नव्हतं.