तुतीची खिडकीकडची फांदी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी झाडं छाटणारी बाई दोराने तुतीवर चढली. पंधरा मिनिटांत खाली उतरून तिने सांगितलं, की खिडकीकडची फांदी ठेवता येणार नाही.

"तुम्ही भलतीच बघितलीत," पेंटर म्हणाले. "शेजाऱ्यांच्या छपरावर गेलीय ती उतरवायची. खिडकीकडचीला हात लावायचा नाही, हे मी फोनवरच सांगितलं होतं."

"तीच बघितली काका. छपराकडची ठणठणीत आहे."

पेंटर हे नाव त्यांना धंद्यावरून पडलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ब्रश खाली ठेवून नऊ वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं. अकरा महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोला झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. पहिले चार महिने तिने कशातच लक्ष घातलं नाही. लेक समोर रडली तरी ती छताकडे बघत राहायची. मग पेंटरांनी तिची खाट खिडकीला लावली. तुतीला पालवी फुटली, एक कावळा येऊन फांदीवर बसला, आणि बायको स्वच्छ म्हणाली, "मेल्या!"

घरात आनंदाला पारावार राहिला नाही. डॉक्टरांना फोन झाला. पुढच्या महिन्यात 'नको' हा शब्द आला आणि औषधं देणं अवघड झालं. पण ती बोलायची ते त्या फांदीकडे बघत असतानाच. खाटेवरून तिला आकाश दिसत नसे, रस्ता दिसत नसे. फक्त ती फांदी दिसे.

"झालंय काय तिला?" पेंटरांनी विचारलं.

बाईने हातमोजा काढला आणि वरून आणलेली रंगाची पोपडी त्यांच्या तळहातावर ठेवली. ती चांगली जाड होती. कडेने बघितलं तर थरावर थर मोजता येत होते. पेंटरांनी ती उलटी केली. आतली बाजू काळी आणि ओली होती.

"हा रंग कोणी दिलाय?"

"मी," पेंटर म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "दरवर्षी छाटणी झाली की दोन हात. सालीचा रंग मी स्वतः जुळवतो. कुठे कापलंय ते ओळखू येत नाही, बघा."

"नाही ओळखू आलं. खालून मलाही नाही आलं." बाई म्हणाली. "काका, फांदी निघते तिथे हा फुगीर घेर असतो ना, तो ठेवून कापायचं असतं. तिथूनच झाड आपली जखम कडेकडेने मिटवत आणतं. या फांदीच्या बुडालगतच्या फांद्या तुम्ही घेरासकट खोडाशी सपाट केल्यात. फार सफाईने केलंय. झाडाला मिटवायला काही उरलंच नाही, आणि वरून तेलाचा रंग. आत गेलेलं पाणी आतच राहिलं. मी स्क्रू-ड्रायव्हर घातला तर मुठीपर्यंत गेला."

लेक अंगणात उभी होती. बाईला तिनेच शोधून आणलं होतं. बाबा सत्तरीत शिडीवर चढतात म्हणून गेल्या महिन्यात तिने शिडीच आपल्या घरी नेऊन ठेवली होती. पेंटरांना तिच्याकडे बघवेना, कारण तिला ते भांडण माहीत होतं. दरवर्षी ते करवत काढायचे आणि दरवर्षी बायको दारात उभी राहून म्हणायची, "अहो, झाड म्हणजे दुकानाची पाटी नव्हे. जाणत्या माणसाला बोलवा." आणि ते शिडीवरून म्हणायचे, "चाळीस वर्षांचा हात आहे माझा. कुणाकुणाला बोलवू?"

"टेकू देता येईल?" त्यांनी विचारलं.

"बुडच राहिलं नाही, टेकू कशाला देऊ?"

"अर्धी कापली तर?"

"अर्धी तरी कशावर उभी राहील?"

"मग किती दिवस काढेल?"

"वर्ष काढेल, नाहीतर आज दुपारी खाली येईल. मला सांगता येत नाही." बाईने खिडकीकडे बघितलं. काचेमागे खाटेची कड दिसत होती. "माझी आई असती तर मी तिला याखाली झोपवलं नसतं, एवढंच सांगते."

खाली दोर धरणारा गडी म्हणाला, "खाट आतल्या खोलीत हलवा की काका. मग बघू निवांत."

"आतल्या खोलीला खिडकी नाही," लेक म्हणाली. मग हळू आवाजात, "बाबा, पडदा ओढून घेऊ आणि कापू दे. आईला आत्ता सांगायला नको."

"सांगायचं मीच," पेंटर म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

बायको जागी होती. ते खाटेच्या कडेवर बसले, फांदीच्या आड येऊ नये म्हणून थोडं बाजूला सरकून. पाट्या रंगवताना ते आधी खडूने रेघा मारून घेत. तशी त्यांनी मनात तीन वाक्यं आखली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"अगं, ही फांदी काढावी लागतेय. आतून कुजलीय."

ती बघत राहिली.

"माझ्यामुळे. तो रंग. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

तिने डावा हात उचलला आणि त्यांच्या सदऱ्याची बाही पकडली. "नको," ती म्हणाली. मग पुन्हा, आणखी स्पष्ट, "नको. नको."

अकरा महिन्यांत ती इतकं सलग बोलली नव्हती. पेंटरांनी तिचा हात सोडवला. एकेक बोट उचलावं लागलं. मग त्यांनी खिडकीच्या काचेतून बाहेर बघून बाईला मानेने होकार दिला.

खाट भिंतीपर्यंत मागे ओढली गेली, काचेवर जाड गोधडी बांधली गेली. साडेनऊला करवत सुरू झाली. फांदी एकदम पाडता येणार नव्हती, म्हणून बाईने तिचे अकरा तुकडे केले आणि एकेक दोराने उतरवला. शेवटचा तुकडा खाली ठेवला तेव्हा तो मधोमध पोकळ होता. गड्याने त्यात मनगटापर्यंत हात घातला आणि पेंटर बघतायत हे दिसल्यावर काढून घेतला.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी गोधडी सोडली. खोलीत एकदम लख्ख उजेड आला. समोर शेजाऱ्यांची भिंत दिसली, तिच्यावरून उतरलेला पाण्याचा पाइप दिसला. बायकोने एकदा बघितलं आणि डोळे मिटले.

"आई, झोपलीस?" लेकीने विचारलं.

तिच्या पापण्या हलत होत्या. ती झोपली नव्हती.

निघताना बाईने पेंटरांना बजावलं, की नव्या कापाला काही लावायचं नाही, रंग नाही, डांबर नाही. उरलेलं खोड जगेल की नाही हे तिने सांगितलं नाही. दोन महिन्यांनी येऊन बघते म्हणाली. पेंटरांनी हो म्हटलं. मग अंगणात उभं राहून ते बराच वेळ त्या पांढऱ्या, ओल्या कापाकडे बघत राहिले. त्यांचा उजवा हात सदऱ्याला पुसला जात होता.

दुपारी लेकीने खाट पुन्हा खिडकीला लावून बघितली, मग मागे घेतली. चार वाजता पेंटर खिडकीशी उभं राहून म्हणाले, "अगं, कावळा आलाय बघ. शेजाऱ्यांच्या छपरावर." कावळा खरोखरच आला होता. तिने डोळे उघडले नाहीत.

संध्याकाळी सव्वासहापर्यंत तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं आणि एक शब्दही उच्चारला नव्हता. डॉक्टरांना कळवलं आहे. ते उद्या दहाला येणार आहेत.