निहालच्या ड्रमखाली

मी एक जुना, भोकं पडलेला गालिचा आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, मी शूर नाही. माझं सारं आयुष्य भीतीत गेलं.

तुर्कस्तानातल्या इझमीरच्या हाजेरबाईंनी मला घरच्या मागावर विणलं, ते मुलीच्या, निहालच्या, रुखवतासाठी. नव्या घरात चहाच्या पेल्यांखाली आपण ऐटीत पसरू, असं मला वाटलं होतं. निहालने लग्नच केलं नाही. तिने मला खांद्यावर टाकलं आणि एका तळघरात नेलं. तिथे ती, गाणारा तुंजाय आणि गिटारवाला ओरहून या तिघांचा हार्डकोर पंक, म्हणजे कर्कश आणि सुसाट गाण्यांचा, बँड होता. निहाल मोठा ड्रम पायाने वाजवी, तेव्हा तो पुढे सरकायचा. म्हणून मला खिळ्यांनी जमिनीवर ठोकलं आणि ड्रम माझ्यावर ठेवला.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा मला भूकंपच वाटला. चहा निवायच्या आत गाणं संपे, पण माझे धागे कितीतरी वेळ थरथरत.

मग वर्तमानपत्रांत आलं, 'ही पोरं सैतानाची पूजा करतात!' एका दुपारी पोलिसांचे बूट माझ्यावर उभे राहिले. तिघांनाही धरून नेलं. तळघराच्या मालकाने घाबरून मला गुंडाळलं आणि हाजेरबाईंच्या दारात टाकलं.

शेजारीण सबीहा धावत आली. "जाळून टाक गं हे! उद्या पोलीस इथे आले म्हणजे?"

हाजेरबाईंनी दाराला कडी घातली. शेगडी पेटलेलीच होती. त्यांनी कात्री घेतली. आता तुकडे होऊन शेगडीत जाणार, असं मला वाटलं. त्यांचा हात एका झिजलेल्या जागेवर थांबला.

"पोरीची टाच इथे असते," त्या म्हणाल्या.

"असेना! मग?"

"मग काय? लोकर नाही टिकायची. बकरीच्या केसांचा धागा हवा."

जिन्यात पाऊल वाजलं की त्यांची सुई थांबे. तरी त्यांनी ठिगळ पुरं केलं. काही दिवसांनी निहाल सुटून आली. तिने ठिगळ पाहिलं. आई एवढंच म्हणाली, "जेवून घे."

बँड थांबला नाही. लग्नाची सभागृहं, बंदरावरची गोदामं, मिळेल तिथे तो वाजत राहिला. तुंजायचे केस गेले, ओरहून जर्मनीला जाऊन परत आला. ठिगळ झिजलं की मी हाजेरबाईंकडे जाई. "हे गाणं आहे की दात उपटणं?" असं करवादत त्या मला शिवून देत.

गेल्या वसंतात, कार्यक्रमाच्या तोंडावर ठिगळ टरकन फाटलं. हाजेरबाईंना आता सुईचं नेढं दिसत नव्हतं.

"आई, आज वाजवणं नको. ड्रम सरकेल, मी पडेन," निहाल म्हणाली.

"घाबरलीस?"

"हो."

"मीही घाबरते. तुला नेलं त्या दिवसापासून रोज. चल."

त्या मंचावर ड्रमशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि दोन्ही पाय माझ्या फाटक्या कडेवर रोवले.

"काकू, कान फुटतील!" तुंजाय ओरडला.

"ते केव्हाच गेले. वाजवा रे!"

ड्रमने उसळी घेतली. माझे धागे तटातट तुटले. ते म्हातारे पाय लटपटले, पण उचलले गेले नाहीत. ड्रम जागेवर राहिला.

मित्रांनो, आपल्या माणसाचा छंद तुम्हाला कळला नाही, त्याची धास्ती वाटली, तरी त्याच्या पायाखालचं फाटकं तेवढं सांधून द्या. उद्या पुन्हा कार्यक्रम आहे. हाजेरबाई सकाळपासून जाड तळव्याचे बूट शोधत आहेत, आणि मी कोपऱ्यात गुंडाळलेला, थरथरतो आहे.