दहा मिनिटं तोंड बंद

सासूबाईंना धाप लागते आहे हे घरात कळलं ते त्यांच्या बोलण्यावरून. एरवी एकदा तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेजारणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचा समाचार एका दमात घेणाऱ्या बाई. त्या आता वाक्याच्या मध्येच अडकू लागल्या. "ती वरच्या मजल्यावरची," म्हणायच्या, श्वास घ्यायला थांबायच्या आणि वरच्या मजल्यावरचीने काय केलं ते राहूनच जायचं.

डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि उतारवयातला दमा असल्याचं सांगितलं. "पंप यांना अजून नीट ओढता येत नाही. महिनाभर घरीच नेब्युलायझरच्या मशीनने औषधाची वाफ द्या, सकाळ-संध्याकाळ. मग बघू."

मशीन आणायचं काम जावयाकडे आलं. त्याचं जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. तारा आणि वार्निश यांत त्याचा दिवस जायचा. वार्निशचा वास सासूबाईंना सोसत नाही हे लक्षात आल्यापासून तो दारातच कपडे बदलून आत येत होता, पण तेही कुणाला न सांगता. तो कुणाला काही सांगतच नसे. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं सासूबाई त्यांच्याकडेच राहत होत्या, पण त्यांच्याशी त्याचं बोलणं म्हणजे "हो", "नाही" आणि "पंखा लावू का?" गिऱ्हाइकं त्याला मौनी म्हणत.

खरेदीला सासूबाईही गेल्या. दुकानदाराने तीन मशीनं मांडली. सासूबाईंचा जीव जडला तो सगळ्यात लहानावर. मुठीत मावणारं, सेलवर चालणारं, आवाज म्हणून नाही.

"हेच घेऊ, जावईबापू. माझ्या पर्समध्ये राहील."

"चांगलं आहे," दुकानदार म्हणाला, "पण याच्यात अगदी बारीक जाळी असते. दर वेळी निगुतीने धुतली नाही तर बुजते. मग आख्खी जाळीच बदला." मग त्याने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि दुसरं मशीन स्वतःच बाजूला सारलं. "यातलं एक औषध ह्या मशीनला चालत नाही. राहिलं हे तिसरं. कॉम्प्रेसरचं."

तिसरं जेवणाच्या डब्याएवढं होतं. जावयाने ते सुरू करायला लावलं, कान लावला, मग वर तळहात ठेवून चांगली पाच मिनिटं उभा राहिला. तापतं का ते बघत होता. फिल्टरचं झाकण उघडून पाहिलं.

"फिल्टर सुटा मिळतो? नळी, कप?"

"सगळं मिळतं."

"हेच द्या."

"अहो, आवाज केवढा याचा!" सासूबाई म्हणाल्या. "याच्यापुढे माझं कोण ऐकणार?"

दुकानदाराने बिलबुकात तोंड घातलं.

सासूबाईंची लेक पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिची पाळी सकाळी सहाची. त्यामुळे सकाळचं औषध जावयाच्या वाट्याला. तो कुपी मोडून कपात ओते, मास्क लावून देई आणि बटण दाबी. सासूबाई उशीला टेकून पडत आणि मास्कच्या आतून बोलत राहत. मशीन घरघरे, त्या त्याच्यावर आवाज चढवत. मध्येच मास्क उचलून "गॅस बंद केलात ना?" विचारत. कप रिकामा होई.

आठ दिवस झाले तरी धाप होती तशीच. जावयाने मशीनचा हवेचा झोत तपासला, नळी तपासली, फिल्टर पाहिला. मशीनचा काहीच दोष नव्हता. शेवटी सासूबाई आणि मशीन दोघांनाही घेऊन तो दवाखान्यात गेला. तिथली नर्स म्हणाली, "घरी कसं घेता, ते मला करून दाखवा."

सासूबाईंनी करून दाखवलं, आणि दाखवता दाखवता नर्सच्या माहेरची चौकशीही केली.

"आजी," नर्स म्हणाली, "औषध तुम्ही घेतच नाही. खोलीला पाजताय!"

मग तिने मास्क काढून माउथपीस लावून दिला. ताठ बसायचं, हा दातांत धरायचा, ओठ मिटायचे आणि तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा. कप सरळ धरायचा. फरफर आवाज येऊ लागला की औषध संपलं. नंतर खळखळून चूळ भरायची. कप आणि माउथपीस दर वेळी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवायचे, नळीत मात्र पाणी जाऊ द्यायचं नाही. जावई सगळं खिशातल्या कागदावर लिहून घेत होता.

"आणि ती दहा मिनिटं बोलायचं नाही," नर्स म्हणाली.

"अजिबात?"

"अजिबात."

सासूबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, की जणू त्यानेच हे कारस्थान रचलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेबलापाशी ताठ बसल्या. मशीन सुरू झालं. एक मिनिट गेलं. दीड मिनिटाला माउथपीस बाहेर आला. "ती खिडकी—"

"आई, नको," जावई म्हणाला.

पुन्हा आत. पुन्हा बाहेर. "अहो, पण मला असं गप्प बसून—"

"तुम्ही बोलू नका. मी बोलतो."

हे तोंडातून निघून गेलं आणि तो स्वतःच दचकला. सासूबाईंनी आश्चर्याने माउथपीस तोंडात घातला आणि वाट बघू लागल्या. आता काय बोलायचं? पण मशीन घरघरत होतं, आणि जन्म त्या घरघरीत गेलेला माणूस तो. शांत खोलीत त्याला शब्द सापडत नसत, इथे सापडले. त्याने दुकानात आलेल्या लिफ्टच्या मोटारीची गोष्ट सांगितली. मोटार जळाली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक नवरा-बायको, भांडून चार दिवस अबोला धरलेले. तासाभराने बाहेर काढलं तर दोघं हसत होते, आणि पुढच्या सुट्टीत कुठे जायचं तेही ठरलं होतं.

फरफर आवाज आला तरी गोष्ट संपली नव्हती. सासूबाईंनी खुणेनेच विचारलं, "मग?"

त्या दिवसापासून रोजची एक गोष्ट ठरून गेली. सासूबाईंनी खुणाही बसवल्या. टेबलावर बोट एकदा वाजवलं की "हो", दोनदा म्हणजे "काहीतरीच काय", आणि हात गोल फिरवला की "पुढे सांगा." औषध आता जिथे जायचं तिथे जात होतं. पंधरवड्यात त्या वरच्या मजल्यावरचीची सगळी हकीकत न थांबता सांगू लागल्या.

एका सकाळी जावयाला मोटारींची गोष्ट सुचेना. तो म्हणाला, "आज आपलीच सांगतो. मी लग्नाचं विचारायला तुमच्याकडे आलो होतो, आठवतं?"

बोट एकदा वाजलं.

"त्या दिवशी सकाळीच माझी दाढ काढली होती. तोंडात कापसाचा बोळा. बोललो असतो तर तुमच्या चहाच्या कपातच पडला असता. म्हणून नुसता मान हलवत बसलो. आणि निघताना तुम्ही म्हणालात, किती शांत मुलगा! मला असाच जावई हवा होता."

बोट थांबलं होतं.

"मग म्हटलं, यांना हेच आवडतं. आता बदललो तर फसवल्यासारखं होईल. एरवीही मी कमीच बोलतो, पण तुमच्यासमोर मुद्दाम... चौदा वर्षं."

सासूबाईंच्या खांद्यांना हिसका बसला. जावई घाबरून उठला, पण त्या हसत होत्या. माउथपीस हातात आला, हसण्यात खोकला मिसळला, डोळ्यांतून पाणी आलं. त्याने मशीन बंद केलं आणि पाठीवर हात ठेवला.

"अहो, जावईबापू," श्वास जागेवर आल्यावर त्या म्हणाल्या, "मला तर धडकी भरली होती! हा मुका माणूस, माझ्या लेकीचं कसं व्हायचं? पण तिने ठरवून टाकलेलं. तिला वाईट वाटू नये म्हणून बोलले मी तसं. आणि इथे राहायला आले तर घरात ही शांतता! म्हटलं, कुणीतरी बोलायला हवं ना. किती बोलायचं माणसाने! जीभ दुखायची माझी."

"तुमची?"

"माझीसुद्धा!"

दोघंही हसत सुटली. मग जावयाने घड्याळाकडे पाहिलं. "आई, अर्धं औषध कपात राहिलंय." सासूबाईंनी निमूटपणे माउथपीस तोंडात घातला आणि हात गोल फिरवला.

महिना झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला लावलं आणि मान डोलावली. आता पुढे स्पेसरची नळी लावून पंप ओढायला जमत होता. नेब्युलायझर लागला तरच, आणि तोही डॉक्टरांना विचारून. जावयाने कप धुऊन, पुरता वाळवून मशीन खोक्यात ठेवलं आणि फिल्टर कधी बदलायचा ती तारीख खोक्यावर लिहिली.

त्या दिवशी लेक कामावरून आली. दारातच तिने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"आधी तर त्यांनी—" सासूबाईंनी सुरुवात केली.

"आधी नाही आई, आधी दवाखान्याच्या रांगेतली ती बाई—" जावई म्हणाला.

"हो, ती बाई! सांगा, तुम्हीच सांगा. नाही, थांबा, मी सांगते."

लेकीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली, आणि या दोघांचं आटपेपर्यंत चहा तरी होईल म्हणून स्वयंपाकघरात गेली.