एकवीस मणी

खोलीत चौतीस खुर्च्या होत्या. त्यांवर एकतीस माणसं बसली होती, म्हणजे बासष्ट डोळे. त्यांतल्या साठ डोळ्यांना काही ना काही झालेलं होतं. उरलेले दोन माझे. समोर एक मोठा टीव्ही, त्याच्याखाली तळहातावर मावेल एवढी काळी डबी, आणि शेजारी उभा असलेला माणूस. त्याला सगळे दृष्टीदादा म्हणत. त्याच्या डाव्या हातात वेळ मोजायला म्हणून फोन होता. शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर डोकावत होतं. त्याबद्दल त्याला कुणी काही विचारत नसे.

टीव्हीवर एक बाई मान वळवत होती. चेहरा पिठात बुडवल्यासारखा, मान अडखळत वळणारी, गळ्यात पांढरट असं काहीतरी.

"काय दिसतंय, माई?" त्याने माझ्या आईला विचारलं.

"धुरकट आहे सगळं. गळ्याला पट्टी बांधलीय बहुतेक."

"पट्टी नाही, तुमच्या डोळ्यांतला गाळ आहे तो. डोळा म्हणजे नळ, माई. औषधाच्या थेंबांनी नळ तुंबतो आणि दृष्टी अडखळत येते. तळवे ठेवा डोळ्यांवर. माझ्या आवाजाच्या स्पंदनाने गाळ खाली बसू द्या."

मिनिटभर तो घशातल्या घशात गुणगुणला. मग म्हणाला, "उघडा."

बाई तीच होती. पण मान आता तेल दिलेल्या बिजागरीसारखी वळत होती आणि पट्टीच्या जागी मण्यांची माळ होती. मागच्या रांगेतले निवृत्त पोस्टमन रडायला लागले. आईचं बोट हवेत हलत होतं.

"एकवीस मणी आहेत गं," ती म्हणाली. "मोजले मी."

मीही मोजले. एकवीसच होते. तिथेच मला खटकलं. मिनिटभरापूर्वी मलाही पट्टीच दिसली होती, आणि माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. मग माझा कुठला गाळ खाली बसला?

आई बावीस वर्षं किल्ल्या बनवते. तिच्या डोळ्यांतला दाब वाढतो. या आजारात गेलेली नजर परत येत नाही. रोजचे थेंब फक्त उरलेली राखतात. त्या दिवशी घरी आल्यावर मी औषधाची फळी बघितली. तीन बाटल्या, तिन्हींचं सील शाबूत. शेवटच्या रिकाम्या बाटलीवर ती संपल्याची तारीख माझ्याच अक्षरात होती.

"आई, त्र्याण्णव दिवस झाले."

"असतील."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"थेंब घालत होते तेव्हा काय मिळालं मला? चार वर्षांत किल्लीचा एक तरी दात जास्त दिसला? तिथे निदान मणी दिसतात." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "गेल्या आठवड्यात तीन किल्ल्या परत आल्या. गिऱ्हाईक म्हणतं, काकू, आता आराम करा. आराम घेऊन मी काय करू? तू शिकलीस ना एवढं, मग सांग दुसरा रस्ता."

तिचं डोकं धरून जबरदस्तीने थेंब घालावेत, असं क्षणभर वाटलं.

इंटरनेटवरचे व्हिडिओ टीव्हीवर आणणारी तशीच डबी आमच्याकडेही आहे. तिच्या सेटिंग मी एकेक करून बदलून पाहिल्या. जुना व्हिडिओ सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो. डबीला साठ चित्रं पाठवायला लावली, तर एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा दाखवावं लागतं, आणि मान अडखळते. व्हिडिओच्या मूळ वेगाशी जुळवून घ्यायला सांगितलं की अडखळणं थांबतं. दुसरी सेटिंग ठिपक्यांची. कमी ठिपक्यांचं चित्र नुसतं ताणलं तर मण्यांची पट्टी होते. जास्त ठिपक्यांचं घेतलं आणि मधल्या जागा डबीला अंदाजाने भरायला लावल्या, तर पट्टीचे मणी होतात. हे सगळं फोनवरून करता येतं.

आईला टीव्हीसमोर बसवलं. असाच माळ घातलेल्या बाईचा एक जुना व्हिडिओ लावला आणि तिच्या मागे बसून नाणं उडवायला लागले. छापा पडला तर चांगली सेटिंग, काटा पडला तर वाईट. तिने डोळे मिटायचे, उघडायचे आणि 'मणी' किंवा 'पट्टी' म्हणायचं.

पाचव्या वेळी तिने विचारलं, "आत्ता मी दादांसारखं मनात गुणगुणले, तरी पट्टीच कशी?"

वीसपैकी वीस वेळा तिचं उत्तर नाण्याशी जुळलं. दोन्ही लिहून ठेवलेला कागद मी तिच्या हातात दिला. तिने तो जवळ नेला, लांब धरला, तिरका केला.

"तूच वाच," ती म्हणाली.

मी वाचला.

"म्हणजे डोळे नाही सुधारले."

"नाही, आई."

"मणी तुझ्या फोनमधून येत होते."

"हो."

तिने कागदाची घडी घातली. "कुलपात फिरवून बघितल्याशिवाय एक किल्ली दिली नाही मी कुणाला," ती म्हणाली. "आणि हे मात्र तसंच घेतलं." मग तिने मान मागे टेकवली. "घाल थेंब."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्या खोलीत गेलो. टीव्हीवर पट्टी होती. तळवे ठेवायच्या आधीच आई उभी राहिली.

"दादा, आज फोन खुर्चीवर ठेवून गाळ काढा."

"माई, फोन वेळेसाठी आहे."

"वेळ माझी लेक मोजेल."

"ठेवा की दादा, काय फरक पडतो," पोस्टमन म्हणाले. त्यांचा खरंच विश्वास होता.

त्याने फोन ठेवला. एक मिनिट गुणगुणला. पट्टी. दुसरं मिनिट. पट्टीच. मी खुर्चीवरचा फोन उचलून सगळ्यांसमोर धरला. फोनच्या पडद्यावर डबीचीच सेटिंग उघडी होती. दोनदा बोट टेकवलं. मणी आले.

"आज खोलीत शंका फार आहे," दृष्टीदादा म्हणाला. "शंकेने स्पंदन बिघडतं."

"बिघडू दे. एवढं एक सांगा," म्हणत आईने दोन किल्ल्या त्याच्यापुढे धरल्या. "यातला एक दात वेगळा आहे. कुठला?"

"लोखंडाला स्पंदन पोचत नाही, माई."

"पितळ आहे."

त्याने किल्ल्या घेतल्या, आणि सवयीने त्याचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला. कुणीतरी हसलं.

पोस्टमन हसले नाहीत. "पण मला मणी दिसले होते हो," ते म्हणाले. आईने किल्ल्या त्यांच्याकडे दिल्या. त्यांनी त्या खिडकीजवळ नेल्या, उलटसुलट केल्या, नखाने चाचपल्या.

"दोन्ही सारख्याच आहेत," ते म्हणाले.

"नाहीत, काका," आई हळू आवाजात म्हणाली. "तुमचे थेंब आहेत ना घरी?"

कुणी तुम्हाला बरं केल्याचं दाखवलं, तर दोन गोष्टी विचारा. जो आजारी नाही त्यालाही तोच फरक दिसला का? आणि तो फरक पडद्याबाहेर, तुमच्या रोजच्या कामात टिकतो का? उत्तर मिळेपर्यंत औषध थांबवू नका.

सोमवारी दवाखान्यात आईने यंत्रावर हनुवटी टेकवली. चोपन्न जागी प्रकाशाचे ठिपके लागतात. दिसला की बटण दाबायचं. मागच्या तपासणीत उजव्या डोळ्याने एकेचाळीस टिपले होते. या वेळी अठ्ठावीस.